पहिल्यांची गुहा

"हा थर्मास नाही न्यायचा," काटेवाले म्हणाले.

"का बरं? गळतो का तो?" बायकोने विचारलं. तिच्या हातात निळा, कडेला पोचा आलेला जुना थर्मास होता.

"नवा आणलाय ना मी. खास बोटीवर न्यायला."

"नव्यात चहा तासाभरात कोमट होतो. मी बघितलंय."

ते काटेवाल्यांनीही बघितलं होतं. निळा थर्मास बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा. तो गृहस्थ वारून बरीच वर्षं झाली होती, पण घरातून त्याचा पाय काही निघत नव्हता. आज थर्मास, उद्या छत्री, परवा खिडकीला त्याने ठोकलेला आकडा. आणि वस्तू तरी अशा, की एक म्हणून मोडत नव्हती. शेवटी तह झाला. दोन्ही थर्मास घ्यायचे.

काटेवाले हे त्यांचं नाव नव्हे, धंदा. दुकानांतले वजनकाटे ते दुरुस्त करत. काटा कुठलाही असो, आधी तो रिकामा ठेवून शून्यावर येतो का हे बघायचं आणि मगच त्यावर वजन ठेवायचं, ही त्यांची सवय. खोटा काटा बरोबर आहे म्हणून त्यांनी आयुष्यात कुणाच्या हातात दिला नव्हता. एका दुकानदाराने फार गळ घातली, तेव्हा त्याचा काटा उघडा, स्क्रूंच्या पुडीसकट परत पाठवला होता.

संसार त्यांनी उतारवयात मांडला, बायकोची मुलगी सासरी गेल्यावर. बायको मनमिळाऊ, हाताला चव, तोंडात शिवी नाही. जमेच्या बाजूला जागा पुरत नव्हती. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट, पहिल्या नवऱ्याबरोबर ती बोटीने गेली होती ती समुद्रातली गुहा. समुद्राचा विषय निघाला की बायको कुठेतरी बघत म्हणायची, "आत असा हिरवा उजेड असतो, बाटलीच्या काचेतून बघावं तसा. ते म्हणायचे, जगात दुसरीकडे कुठे नसेल." हे म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा, की काटेवाल्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांना वाढताना तिने तो चेहरा एकदाही केला नव्हता.

मग त्यांनी ठरवलं. आपणही न्यायचं. त्याच गुहेत, पण त्याच्यापेक्षा नीट.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांनी बंदरावरून आणून दुकानाच्या भिंतीला चिकटवलं. गुहेचं तोंड फक्त ओहोटीला उघडं पडतं. मोठी बोट बाहेर थांबते आणि लहान होडीत आडवं पडून आत जावं लागतं. मग पाठीखाली घ्यायला उशी शिवून घेतली. उलटीची गोळी आणली. गिऱ्हाईक समोर उभं असताना ते वाऱ्याचा अंदाज ऐकू लागले.

बहीण दुकानात डोकावली, तर हे उशी दाबून बघत होते.

"दादा, पोहता तरी येतं का तुला?"

"पोहायचं नसतं तिथे. नुसतं पडून राहायचं असतं."

"ते घरी होत नाही का?"

"तुझ्या वहिनीला आवडते ती जागा."

"वहिनीला दाखवतोयस, की वहिनीच्या पहिल्यांना?" बहीण हसली आणि मग हसू आवरून म्हणाली, "अरे, मेलेल्या माणसाशी कसली शर्यत लावतोस? तो दमतच नाही."

काटेवाल्यांनी उशी कपाटात ठेवली आणि कपाट गरजेपेक्षा जोरात लावलं.

ठरल्या दिवशी समुद्र शांत होता. मोठी बोट कड्याजवळ थांबली. कड्याच्या पायथ्याशी गुहेचं तोंड, घरातल्या मोरीच्या दारापेक्षा बुटकं. होडीवाल्याने लहान होडी बाजूला लावली. काटेवाल्यांनी उशी आत टाकली, तोल सावरत उतरले आणि रुबाबात हात पुढे केला.

"चल."

"तुम्ही जाऊन या. मी बसते इथेच."

"म्हणजे? गेल्या वेळी गेलीस की!"

"मी कुठे गेले?" बायकोला खरोखरच नवल वाटलं. "मुलगी पोटात होती तेव्हा. एवढं पोट घेऊन आडवी पडून जाणार कशी? मी अशीच बोटीत बसले होते. ते एकटे गेले आणि मला येऊन सगळं सांगितलं."

काटेवाल्यांचा हात तसाच हवेत राहिला. इतकी वर्षं ते जळत होते आणि 'तू स्वतः बघितलंस का?' एवढा साधा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. रिकाम्या काट्याचं शून्य न बघताच त्यांनी त्यावर वजन चढवलं होतं. शिकाऊ पोराने ही चूक केली असती, तर त्यांनी त्याला दुकानातून हाकललं असतं.

पुढच्याच क्षणी त्यांना आनंदाची उकळी फुटली. म्हणजे पहिल्यांनी दाखवलंच नाही! दाखवणार आपण!

"मग आता चल! आता काय अडचण आहे?"

"आता कशाला?" ती हळूच म्हणाली. "आत काय आहे ते मला माहितेय. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

होडी निघाली. काटेवाले उशीवर आडवे पडले, नाकावरून ओला खडक सरकला आणि ते आत पोचले. उठून बसले. काळोख होता, शेवाळाचा कुबट वास होता, कुठेतरी पाणी टपकत होतं. भिंती तव्याच्या बुडासारख्या काळ्या.

"हिरवा उजेड कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हिरवा?" होडीवाला म्हणाला. "इथं कुठला, काका? माझे वडीलही इथेच होडी घालायचे. असा उजेड आम्ही कधी बघितला नाही."

काटेवाल्यांना आधी हसू आलं. सापडला! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाचा काटा खोटा निघाला होता. आता बाहेर जायचं आणि एक वाक्य बोलायचं, की घरातला थर्माससुद्धा आपोआप हलेल.

मग त्यांच्या डोळ्यांपुढे तो आला. तरणा, इथेच बसलेला, अंधारात. बाहेर बोटीत अवघडलेली बायको वाट बघतेय, आणि तिला नेऊन द्यायला इथे काही म्हणजे काहीच नाही.

"चला," ते होडीवाल्याला म्हणाले.

बाहेरच्या उन्हाने डोळे दिपले. बायको बोटीच्या कठड्यावर वाकून उभी होती.

"होता का हो हिरवा?"

होडीवाल्याने तोंड उघडलं. काटेवाल्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"होता ना."

"बाटलीच्या काचेसारखा?"

कोवळ्या पानासारखा, असं काटेवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. निदान उपमा तरी आपली असावी. ती त्यांनी गिळली.

"थेट बाटलीच्या काचेसारखा," ते म्हणाले. "बरोबर सांगितलं होतं त्यांनी."

तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला, गुहेबद्दल बोलताना व्हायचा तसा. या वेळी ती बघत होती काटेवाल्यांकडेच. तरी तो चेहरा आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळलं. हात देऊन तिने त्यांना वर घेतलं, शेजारी बसवलं आणि निळ्या थर्मासचं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं. नवा थर्मास पिशवीतच राहिला होता.

काटेवाल्यांनी घोट घेतला. जीभ पोळली. सकाळचा चहा, अजून वाफाळत होता.

"थर्मास चांगला आहे," ते म्हणाले.