हाताला काम, तोंडाला इटालियन

ज्या जिल्ह्यात पाटी कोणत्या भाषेत लावावी यावरून दगड पडायचे, तिथल्या कॅम्पातल्या एका शाळेने १९८४च्या उन्हाळ्यात चार मुली इटालियनच्या सरावाला थेट इटलीत पाठवल्या. तिसरीच भाषा म्हटल्यावर मराठी आणि कानडी, दोन्ही पक्षांना हायसं वाटलं.

तिघी कॅम्पातल्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या लेकी. चौथी निपाणीची यल्लव्वा. आई तानीबाई विड्या वळायची. यल्लव्वाचं नाव मालुबाईंनी रेटलं होतं. बाई इटालियन शिकवायच्या आणि मूळच्या निपाणीच्याच. पण ही गोष्ट शाळेत कुणाला सांगायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

"शेवटच्या तोंडी परीक्षेत ही अडकली, तर पुढं फक्त कॅम्पातल्याच मुली जातील," शाळेच्या संचालकांनी बाईंना बजावलं होतं.

मुलींची आणि सोबत आलेल्या बाईंची उतरायची सोय सिस्टरांच्या एका मठात होती. वर्गात हात मांडीवर जुळवून बसायचं, ही तिथली शिस्त. कॅम्पातल्या मुली क्रियापदं कवायतीसारखी चालवायच्या. यल्लव्वा मुकी. तास संपला की मात्र ती मुदपाकखान्यात गडप व्हायची आणि तिथून हसण्याचे आवाज यायचे. खाण्यापायी जात असेल, असा बाईंनी समज करून घेतला.

परीक्षा घ्यायला थोरल्या सिस्टर बसल्या. "तुझ्या गावाबद्दल सांग," त्या इटालियनमध्ये म्हणाल्या.

यल्लव्वा गप्प. तेवढ्यात बाईंची नजर पोरीच्या मांडीकडे गेली. जुळवलेल्या हातांत अंगठा तर्जनीवर फिरत होता. पान नाही, तंबाखू नाही, आणि पोरगी विडी वळत होती.

"काय झालं गं?" बाई कुजबुजल्या.

"बाई, हात रिकामं हाईत. रिकाम्या हातानं बोलत बसलं की आई धपाटा घालती."

बाईंच्या पाठीला तो धपाटा ओळखीचा होता. त्या उठल्या आणि मुदपाकखान्यातून मटारची टोपली घेऊन आल्या.

"हे काय?" सिस्टरांनी भुवया चढवल्या.

"आमच्या निपाणीत असंच बोलतात," मालुबाई म्हणाल्या. 'आमच्या' हा शब्द त्यांनी जरा मोठ्यानेच उच्चारला.

पहिली शेंग फुटली आणि यल्लव्वाचं तोंड उघडलं. कारखानदार चांगल्या विड्या कशा बाद करतो, आई त्याला काय काय म्हणते, कोल्हापूरच्या एसटीत जागा कशी धरायची, सगळं इटालियनमध्ये. व्याकरण धडपडत मागून येत होतं. मुदपाकखान्यातली म्हातारी आचारीण दारात उभी राहून आपल्याच शिव्या ओळखून मान डोलवत होती. सिस्टर चुका सुधारायचं विसरल्या. थोड्या वेळाने त्याही शेंगा सोलू लागल्या.

कॅम्पातली एकजण हळूच म्हणाली, "टीचर, आम्हालाही द्या ना."

यल्लव्वा पास झाली. मठात दोन दिवस मटार शिजले.

पुढच्या वर्षी निपाणीच्या दोघी गेल्या. सामानात कपड्यांआधी, विड्या वळताना मांडीवर घेतात तसली दोन सुपं बांधली होती. बांधली मालुबाईंनी, शाळेच्या फाटकात बसून, सगळ्यांच्या देखत.