बाहेरच्या कड्या

निवृत्त सरकारी नोकरांच्या त्या निवासात दारं सरकारची होती आणि माणसं संस्थेची. करारच तसा होता. इमारत, नळ, कड्याकोयंडे सरकारनं सांभाळायचे. जेवणखाण, औषधपाणी, आंघोळी संस्थेनं. कागदावर छान जमलं होतं. प्रत्यक्षात नळ गळायला लागला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे, आणि खाली बादली मेट्रनबाईंनी ठेवायची.

मेट्रनबाई संस्थेच्या. म्हाताऱ्यांवर खेकसायच्या आणि त्यांच्यासाठी जीवही टाकायच्या. इमारतीत पूर्वी साथीचे रोगी ठेवत, म्हणून खोल्यांच्या कड्या बाहेरून होत्या. त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं, जमादार येईपर्यंत.

जमादार म्हणजे तुरुंगातले निवृत्त पहारेकरी. सगळी नोकरी बराकी बंद करण्यात गेलेली. आता डोकं साथ देत नव्हतं. लेकीचं नाव विसरायचे, पण दुपारचं जेवण झालं की पाय आपसूक चालू लागायचे. दाराला कडी घालायची, घातली की ओढून बघायची, मग पुढचं दार. शेवटी बाईंसमोर टाचा जुळवून सांगायचे, "सगळे आत आहेत. एकही पळाला नाही."

सुरुवातीला सगळे हसले. जमादारांच्या समोरच्या खोलीतले बंबवाले काका, म्हणजे आगीच्या बंबावर नोकरी केलेले, आतून ओरडायचे, "अहो जमादार, माझी शिक्षा संपली की नाही अजून?"

"वागणूक नीट ठेवा, मग बघू," जमादार गंभीरपणे सांगायचे.

मागून बाई कड्या काढत यायच्या. संध्याकाळी हेच काका जमादारांच्या शर्टाची बटणं लावून द्यायचे आणि हाताला धरून त्यांना अंगणात फिरवायचे.

बाईंना मात्र हसू येत नव्हतं; आत कुणाला काही झालं तर? कड्या काढून टाका म्हणून त्यांनी सरकारी कार्यालयात खेटे घातले. "करू," एवढंच उत्तर. मग त्या पेचकस घेऊन स्वतःच निघाल्या, तर संस्थेच्या अध्यक्षांनी अडवलं. सरकारी मालमत्तेला हात लावाल तर करार मोडेल म्हणे. एवढीच भीती वाटत असेल तर त्या जमादारांनाच घरी पाठवा.

जमादारांची लेक धावत आली. "बाई, मी दिवसभर कामावर. मागे बाबा रस्त्यावर भरकटले होते, पोलिसांनी आणून सोडलं. इथून काढलं तर मी त्यांना ठेवू कुठे?"

"मी आहे तोवर ते इथंच राहतील," बाई म्हणाल्या. शब्द दिला, आणि तेव्हापासून दुपार झाली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

संस्था आणि सरकारच्या सहकार्याचा वर्धापनदिन आला. खालच्या दालनात खुर्च्या, फुलं, ध्वनिक्षेपक, सगळा थाटमाट. दुपारचं जेवण उरकून म्हाताऱ्यांना इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसवलं. बंबवाले काकांचा गुडघा धरला होता, म्हणून ते वरच राहिले. एक मोठे अधिकारी हातात हात घालून चालण्याबद्दल बोलत होते. बाईंनी सहज रांगेकडे पाहिलं. जमादारांची खुर्ची रिकामी होती.

त्या उठल्या. पहिल्या रांगेतून अध्यक्षांनी डोळे वटारून खाली बसायची खूण केली, आणि बाई बसल्या. दोन तर भाषणं राहिलीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. टाळ्या चालू होत्या.

वर गेल्या तेव्हा जमादार काकांच्या दारासमोर ताठ उभे होते. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

"याने फार दंगा केला," ते म्हणाले. "दार बडवत होता. मी सांगितलं, वेळ झाली की उघडतात. आता शांत झालाय."

बाई पुढे धावल्या. त्यांनी कडी काढली, पण दार आत ढकललं जाईना. खांदा लावून रेटलं तेव्हा कुठे फटीतून काकांचा हात दिसला. आयुष्यभर लोकांची दारं फोडून माणसं बाहेर काढलेला माणूस दाराशीच पडला होता.

हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. जरा आधी बोलावलं असतं तर वाचले असते. हे ते हळूच बोलले, पण बाईंनी ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना दालनातल्या त्या टाळ्या ऐकू यायच्या आणि स्वतःचीच किळस वाटायची.

काका गेले त्या दिवशी मात्र संस्था आणि सरकार यांचं चटकन एकमत झालं. दुसऱ्याच सकाळी सुतार आला. सगळ्या कड्या निघाल्या, एक सोडून. जमादारांना ठेवायचं असेल तर दुपारी त्यांना बंद ठेवायचं, नाहीतर लेकीनं घेऊन जायचं. लेक भिंतीकडे बघत म्हणाली, "राहू द्या त्यांना इथंच."

जेवण झालं. बाई जमादारांना खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर बसवलं, चादर पायांवर ओढली. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"समोरचा दिसत नाही," जमादार म्हणाले.

"सुटले ते."

"बरं झालं. माणूस चांगला होता."

बाई बाहेर आल्या, दार ओढलं, कडी घातली. त्या वळणार, तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी समजुतीचा, नवख्या शिपायाला सांगावं तसा.

"ओढून बघा, बाई. घातली की एकदा ओढून बघायची असते."

बाईंनी ओढून बघितली.