उसने कोळी

लातूरच्या कृषी महाविद्यालयात बुशरा आणि पुनम एकाच टेबलावर काम करायच्या. पुनम वांग्याच्या पानातला रस शोषणारे लाल कोळी वाढवायची. टाचणीच्या टोकाएवढी कीड ती. बुशरा त्यांनाच खाणारे मित्रकोळी. कुणाची पिढी लवकर पुरी होते, ते दोघींना मिळून लिहायचं होतं. पुनमच्या माद्या ढीगभर अंडी घालत. बुशराच्या मोजकीच, पण पिल्लं भराभर वाढत, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. जेवायला माझ्याकडं अन् मिरवायला तुझ्याकडं, असं पुनम म्हणायची.

पानांभोवतीचा कापूस ओला ठेवावा लागे, म्हणजे कोळी इकडचे तिकडं जात नसत. बुशराची पाळी होती आणि ती विसरली. कापूस वाळला, तिचे कोळी पलीकडं गेले आणि पुनमची अख्खी वसाहत फस्त करून बसले.

पुनम रागावली नाही. "जेवली का पोटभर सगळी?" एवढंच तिनं विचारलं. बुशराला ते जास्त लागलं.

सुट्टीला नांदेडला घरी गेल्यावर ती पुनमसाठी नवे लाल कोळी आणायला मुदखेडजवळ सटवाजीमामांच्या मळ्यात गेली. ते तिच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. वांग्यावरचे थोडे कोळी द्या, असं तिनं म्हणताच मामांचा चेहराच उतरला. आपल्या मळ्यात कीड न्हाई म्हणाले, आणि खात्री पटवायला तिला चकचकीत वांग्यांच्या ओळींतून हिंडवून आणलं.

मामांच्या बायको धोंडाबाई बांधावर भाजी निवडत होत्या. "कडंच्या सऱ्या दाखवा की," त्या म्हणाल्या. "रोज तिथंच उभं राहून शिव्या देता."

मामा पुढं झाले. तिथली पानं पिवळी पडलेली, खाली बारीक जाळी. बुशरा हरखून गेली.

"कीड बघून एवढी खूश झालेली पोर म्या पयल्यांदाच बघितली," मामा म्हणाले. पानं त्यांनीच तोडून पिशवीत भरली, फक्त मळा कुणाचा ते कॉलेजात सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं.

पुनमनं ती पानं भिंगाखाली धरली. मग तिनं बुशराला बोलावलं. गोल अंड्यांच्या गर्दीत एकच अंडं लांबट होतं, जरा मोठं. मित्रकोळ्याचं. हेही पुनमचे कोळी खाणार, असं बुशराला वाटलं. आता पुन्हा माफी मागावी लागणार.

पुनमनं बारीक कुंचल्यानं ते अलगद उचललं आणि बुशराच्या पानावर ठेवलं.

"घे, तुझ्याकडचं पाव्हणं हाय," ती म्हणाली. "कापूस मात्र आता मीच भिजवणार."