सात दगडांची उतरंड

कच्चा फणस. तपकिरीची रिकामी डबी. सात दगड. पनवेलच्या काळूरामच्या होडीचं सुकाणू, ज्याला बायकांनी हात लावलेला काळूरामला खपत नसे.

१९५३च्या मे महिन्यात सगळं घर होडीने घारापुरीला सहलीला गेलं. किनाऱ्यावर त्याची मेहुणी वेणू म्हणाली, "दाजी, दगडांची उतरंड रचू. मी जिकली तर परतीला सुकाणू माज्या हातात."

"आनि हरलीस तर?"

"बंदर येईस्तोवर गप बसंन."

"मंग हरच गो बाय!"

काळूरामची उतरंड चौथ्याच दगडाला कोसळली. वेणूचे सातही दगड उभे राहिले. वर कावळा येऊन बसला, तरी हलले नाहीत.

"सरका दाजी," म्हणत वेणूने सुकाणू धरलं आणि पनवेलपर्यंत तोंड काही मिटलं नाही.

फणसाचा चीक तिने सकाळीच डबीत भरून घेतला होता.