घरी चालेल

“डोकं कुठाय?” मी विचारले.

काउंटरपलीकडचा गृहस्थ गोंधळला. “माझं? हे काय, इथेच.”

“तुमचं नव्हे. ज्यांना हेल्मेट हवंय त्यांचं.”

“बायकोचं होय! ते घरी आहे.”

“मग घेऊन या. बाकीच्या बाईंनाही सोबत आणा, डोकं एकटं येणार नाही.”

“अहो आजी, मधलं कुठलंही माप द्या की! सगळ्यांची डोकी इथूनतिथून सारखीच.”

“सारखीच असती तर तुमच्या एकाच डोक्यावर तुमचा संसार चालला नसता का?”

गृहस्थ मनमोकळे हसला आणि उद्या दोघे येतो म्हणून गेला. असे परत पाठवलेले गिऱ्हाईक बहुधा परत येते. नाही आले तरी माझी हरकत नसते. यजमानांच्या मागे गेली अडतीस वर्षे हे दुकान मी एकटीने चालवते आहे, आणि डोके समोर उभे राहिल्याशिवाय मी हेल्मेट विकत नाही. लोक आधी रंग पाहतात, मग चित्र पाहतात. मी गाल पाहते. हेल्मेट चढवल्यावर गाल डोळ्यांकडे सरकले आणि बोलताना आतून दातांखाली येऊ लागले, की ते बसले असे समजावे. पहिल्या दिवशी सुखाचे वाटणारे हेल्मेट सहा महिन्यांत डोक्यावर नाचते, कारण आतल्या गाद्या दबतात आणि डोके काही वाढत नाही. निदान विकत घेणाऱ्याचे तरी.

दुसरा नियम याहून कडक होता. दुकानात खाली आपटलेला नग गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. वरून ओरखडा नसेना का, आतल्या थर्माकोलने मार खाल्लेला असू शकतो, आणि तो थर एकदाच मार खातो. आपटलेल्या नगावर मी खडूने फुली मारीत असे. गावभर माझ्या या फुलीचे कौतुक होते. फुली मारलेल्या नगाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारले नाही, आणि सांगण्याची वेळ माझ्यावर त्या दुपारपर्यंत आली नव्हती.

गृहस्थ पायरी उतरला आणि सूनबाई वर आली. हातात कापडी पिशवी होती. केसांचा अंबाडा तसाच, म्हणजे घरातून उठून थेट आलेली. माझा मुलगा गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. तेव्हापासून ती, नात आणि मी अशा तिघी एकत्र राहतो. पण दुकानात ती सहसा येत नसे.

“अहो आई, नोकरी पक्की झाली,” ती म्हणाली. “सोमवारपासून. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. मोटारसायकल तेच देणार.”

“मोटारसायकल? स्कूटर का नाही?”

“पुरुषांना देतात तीच मला. मी म्हटलं, चालवीन. भावाची चालवत होतेच की माहेरी.”

“माहेरी तू झाडावरही चढत होतीस. म्हणून काय झालं?”

ती हसली. तिला हसताना पाहून फार दिवस झाले होते. मी उठले. माझ्या घरातली बाई रस्त्यावर उतरणार असेल तर ती नखशिखांत नीट उतरेल. मी तिला हातमोजे दिले. तळव्यावर कडक पट्टी असलेलेच दिले, कारण पडणारा माणूस आधी हात टेकतो. जाकीट एक माप लहान दिले.

“आवळतंय हो.”

“आवळू दे. कोपराची ढाल कोपरावरच राहिली पाहिजे, दंडावर गेली तर ती शोभेची. हात पुढे कर, हँडल धरल्यासारखा. असा. आता कंबर झाकली का बघ.”

“झाकली.”

“बूट घोट्याच्या वर हवेत. नाडीवाले नकोत, नाडी अडकते. उद्या घेऊ. आता अंबाडा सोड आणि मानेशी सैल वेणी घाल. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही.”

तिने केस सोडले, वेणी घातली. मी माप घ्यायला फीत काढली, तशी ती म्हणाली, “माप नको. हेल्मेट आहे माझ्याकडे.”

आणि तिने पिशवीतून माझ्या मुलाचे हेल्मेट काढून काउंटरवर ठेवले.

काळे, उजव्या कानावर एक बोटभर ओरखडा. एवढेच. ते माझ्या कपाटात, माझ्या लुगड्यांखाली होते.

“कपाट तू उघडलंस?”

“किल्ली तुम्हीच दिलीत की सकाळी, लेकीचे कागद काढायला. रागावू नका. मी घालून बघितलं. थोडं सैल आहे, पण आत गादी लावून द्याल ना तुम्ही?”

“अपघातातलं हेल्मेट वापरत नाहीत. तुला माहीत आहे.”

“अपघातात हे होतं कुठे?” ती शांतपणे म्हणाली. “पट्टा लावलेला नव्हता. हे आधीच उडालं, गवतात पडलं. तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना. मग याला काय झालं? याच्यात खोट नाही, आई. खोट माझ्या जिभेत होती.”

“सूनबाई—”

“नाही, बोलू द्या. त्या दिवशी दारात मी काय बोलले तुम्हाला ठाऊक नाही. ते नेहमीसारखा पट्टा लोंबकळत ठेवून निघाले होते. मी म्हटलं, पट्टा लावायचा नसेल तर परत येऊच नका. असं म्हटलं मी! ते कोपऱ्यावरून वळून गेले. पट्टा लावला नाही आणि परतही आले नाहीत.” तिने हेल्मेटवरून हात फिरवला. “आता मी लावीन, रोज. त्यांच्याच हेल्मेटचा. मला हेच हवंय.”

हे हेल्मेट घालून ती सोमवारी रस्त्यावर जाणार, आणि तिला त्यापासून अडवायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती. ती सांगितली तर माझे काही शिल्लक राहत नव्हते.

तरीही मी आधी दुसरे उपाय करून पाहिले. हे मान्य केलेच पाहिजे. मी म्हणाले, जुने झाले आहे. ती म्हणाली, घातलेय कुठे चार वर्षे? मी म्हणाले, पुरुषी माप आहे. ती म्हणाली, गाडीही पुरुषीच आहे. मी आवाज चढवला, “या दुकानात काय घालायचं ते मी ठरवते!” माझ्या या आवाजापुढे पोलीस अधिकारीही माप घ्यायला खाली बसले आहेत. ती बसली नाही.

“एवढं एक माझं मला ठरवू द्या,” ती म्हणाली.

मी दुकानाची काचेची दारे ओढून घेतली. हेल्मेट उलटे केले, गालगाद्या उपसल्या, अस्तर ओढून बाहेर काढले. आतला पांढरा थर उघडा पडला. डाव्या बाजूला, कानाच्या वर, तो दबून अर्धे पेर खोल गेला होता आणि तिथून मागेपर्यंत चीर होती. मी तिचे बोट धरून त्या चिरेवर ठेवले.

“हे रस्त्यावरचं?” तिने विचारले.

“रस्त्याचा मार उजवीकडे आहे. वरचा ओरखडा बघ. हे डावीकडचं दुकानातलं. त्याच्या दोन महिने आधी ही मागची लोखंडी मांडणी भिंतीतून सुटून खाली आली, आठवतं? नऊ नग तिच्याखाली सापडले. नवांवरही मी फुली मारली. गिऱ्हाइकाला दिले नाहीत.”

“मग?”

“मग काय. आठ तर फुटलेच होते, ते टाकले. हे एक वरून धडधाकट दिसत होतं. त्याचं जुनं खराब झालं होतं. मी खडू पुसला आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, कशाला टाकायचं? घरी चालेल.”

तिने बोट काढून घेतले नाही.

“तो एकटाच नव्हे. त्याच्या वडिलांपासून आमच्या घरात सगळ्यांनी फुलीचेच नग घातले. चांगलं ते गिऱ्हाइकाला, उरलंसुरलं घरच्याला. मला त्याचा अभिमान होता. चारचौघांत मी ते सांगत असे.”

“पण पट्टा—”

“पट्टा लावला होता त्यानं.”

बाहेर कोणीतरी काचेवर टकटक केली, आत पाहिले आणि निघून गेले.

“दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनं हेल्मेट माझ्या हातात दिलं. म्हणाला, बक्कल मीच उघडलं, घट्ट बसलं होतं. बाहेर येते तो तुझे मामेसासरे आणि समोरच्या दुकानाचा मालक उभे. पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? ‘तुमच्याच दुकानातलं ना हेल्मेट?’ मी म्हटलं, पट्टा लावला नव्हता. तू मागे भिंतीशी उभी होतीस. मला दिसत होतीस.”

घाईत बोलून गेले, असे म्हणण्याची सोय मला नाही. घाईत बोललेले माणूस दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. माझ्याजवळ असे चौदाशे दुसरे दिवस होते. त्यातल्या प्रत्येक दिवशी दुकानाची पाटी सरळ होती, आणि घरात एक बाई दाराकडे पाठ करून जेवत होती. का, ते मी कधी विचारले नाही. उत्तर काय येईल याची मला धास्ती होती.

“वाचले असते का?” तिने विचारले.

“ठाऊक नाही. ट्रक मोठा होता. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वाचला असता असं मी म्हणत नाही. आणि वाचला नसता, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.”

ती रडेल असे मला वाटले. ओरडेल, हेल्मेट माझ्या अंगावर फेकेल, असेही वाटले. मी त्या सगळ्याला तयार उभी होते. ती स्टुलावर बसली आणि तिने बक्कल हातात घेतले. मग तिने अगदी हळू, मला नव्हे, त्या बक्कलालाच विचारावे तसे विचारले, “म्हणजे ऐकलं होतं त्यांनी माझं?”

“ऐकलं होतं.”

“कोपऱ्यावर गेल्यावर लावला असेल.”

“असेल.”

“माझ्यासमोर लावला असता तर माझं जिंकणं झालं असतं ना. म्हणून कोपऱ्यावर.” तिच्या ओठांवर काहीतरी आले आणि मोडले. “तसेच होते ते. तुमच्यावर गेले होते.”



अपघातात सापडलेले हेल्मेट कोणाच्या डोक्यावर पुन्हा चढू नये म्हणून आमच्या धंद्यात त्याचा पट्टा कापून टाकतात. लोकांची अशी शेकडो हेल्मेटे मी या हातांनी कापली आहेत, त्यांच्या आयाबायकांसमोर कापली आहेत, आणि रडू नका म्हणून त्यांना दटावलेही आहे. मी खणातून मोठी कात्री काढली. पट्ट्याला लावली. पात्यांनी पट्टा धरला, पण बोटे मिटेनात.

सूनबाई उठली. तिने एका हाताने हेल्मेट काउंटरवर दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने पट्टा ताणला.

“जरा तिरकी धरा,” ती म्हणाली. “हां. आता कापा.”

एक बाजू कापली, मग दुसरी. चरचर आवाज झाला. तिने हेल्मेट परत पिशवीत ठेवले नाही, मलाही दिले नाही. ते तिथेच, आतून उघडे, दोघींच्या मध्ये राहिले. मग तिने मान किंचित वाकवली.

“माप घ्या.”

मी फीत गुंडाळली. भुवयांच्या वर एक बोट, कानांच्या वरून, मागे डोके सर्वांत फुगीर असते तिथून. कपाळ गरम होते. छप्पन्न. फळीवरून सीलबंद खोका काढला आणि तिच्यादेखत फोडला. घातल्यावर गाल वर सरकले. मी दोन्ही बाजूंनी धरून हलवले, तशी कपाळाची कातडी बरोबर हलली.

“दुखतं का?”

“नाही.”

आमच्यात तेवढेच बोलणे झाले. संध्याकाळी तिने नातीला जवळ बसवून काहीतरी सांगितले. मी स्वयंपाकघरात होते, मला बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या मामेसासऱ्यांच्या दारात गेले, आणि तिथून समोरच्या दुकानात गेले. दोन्हीकडे उभ्यानेच सांगितले. समोरच्या मालकाने खुर्ची पुढे केली होती.

सोमवारी ती कामाला गेली. आता वर्ष होत आले. घरात ती माझे सगळे करते. औषधे वेळेवर देते, पाणी तापवते. फक्त मला आई म्हणत नाही. ‘अहो’ म्हणते, पुढचा शब्द गाळते. तो मी मागावा, असे मी काही केलेले नाही.

सकाळी साडेसहाला मी दुकानाच्या पायरीवर असते. ती मोटारसायकल पायरीशी आणते, इंजिन चालू ठेवते आणि समोर रस्त्याकडे पाहत हनुवटी वर करते. मी पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहते. दोन मावतात, तिसरे मावत नाही, म्हणजे बरोबर आहे.

“नीट जा,” मी म्हणते.

ती काच खाली ओढते आणि जाते.