छताचं वय

विमा कंपनीचं पत्र सुनेनं मोठ्यानं वाचलं. आकाशातून काढलेल्या फोटोत आमचं छप्पर काळं, शेवाळलेलं दिसतंय. वय वीस वर्षांच्या वर. सबब घराचा विमा पुढे चालू ठेवता येणार नाही.

मुलगा म्हणाला, "आई, विम्याशिवाय मी तुला इथे राहू देणार नाही. घर विकू. माझ्या फ्लॅटवर चल."

"तुझ्या फ्लॅटला छप्पर कुठंय? वर दुसऱ्याची फरशी आहे," मी म्हटलं.

आमच्या ह्यांचा धंदाच कौलं बसवायचा. स्वतःचं छप्पर मात्र त्यांनी कधी एकदम उचकटलं नाही. त्याचे सहा पट्टे धरले होते. दर उन्हाळ्यात एक पट्टा उतरवायचा, वासे तपासायचे, नवी कौलं चढवायची आणि प्रत्येक कौलाच्या पोटावर खिळ्यानं साल कोरायचं. ते गेल्यापासून दोन पट्टे मी केले. सून शिडी धरते. अशा छपराचं एकच वय सांगायचं कुठून?

मी कंपनीला फोन लावला. "फोटोवाला नको. शिडी चढणारा पाठवा."

आला एक पोरगेला साहेब, इस्त्रीच्या शर्टातला. "आजी, कौलांच्या कामाच्या पावत्या आहेत?"

"नवरा बायकोला पावती देतो होय रे?"

"मग मी काय लिहू? वयाला एकच रकाना आहे."

"वर चल आणि वाचून लिही. सात वर्षांपलीकडचं एक कौल सापडलं तर तुझं खरं."

चढला बिचारा, शिडीला मिठी मारून. मी प्रत्येक पट्ट्यातलं एक कौल उलटं करून दाखवत गेले. पाच पट्टे माझ्या शब्दाला जागले. सहावा स्वयंपाकघरावरचा. तो हे एकटेच करायचे, मला वर येऊ देत नसत. त्यातलं कौल उलटं केलं. पोटावर चार सालं होती, एकाखाली एक. सगळ्यात वरचं एकवीस वर्षांपूर्वीचं. घर बांधलं तेव्हाचं. म्हणजे हा माणूस दर खेपेला तीच कौलं उतरवायचा, घासायचा, ठोकून बघायचा आणि परत बसवायचा. मला म्हणायचा, नवी घातली.

मी बोटानं टिचकी मारली. भांड्यासारखं खणखणलं.

साहेब म्हणाला, "आजी, मी खालचंच साल पाहिलं असं समजा. तीन वर्षं लिहितो. विमा चालू राहील तुमचा."

"लिहा, साहेब, लिहा," खालून मुलगा.

"तू गप्प बस," मी त्याला म्हटलं. मग साहेबाकडे वळले. "माझं चुकलं. मी सात म्हटलं, निघालं एकवीस. पण चार वेळा तपासून बसवलेलं कौल चोरीच्या मालासारखं लपवू? एकवीस लिही. बाकीच्या पाचांचंही लिही. रकाना पुरत नसेल तर कागद उलटा कर. आणि ते खणखणलं, तेही लिही."

त्यानं लिहिलं. कौलावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून, घाम पुसत.

महिन्यानं उत्तर आलं. घराचा विमा चालू. पण स्वयंपाकघरावरची कौलं तीन महिन्यांत बदला, नाहीतर तेवढ्या छपराची भरपाई मिळणार नाही. मुलगा लगेच कौलवाल्याचा नंबर शोधायला लागला.

मी सुनेला म्हटलं, "घे लिहून कंपनीला. कौल फुटेल त्या दिवशी बदलीन. तुमच्या तारखेला बदलणार नाही. तेवढं छप्पर वगळा."

सून हसू दाबत लिहीत होती.

"आणि वादळात उडालं तर?" मुलगा म्हणाला.

"तर मी नवं घालीन. माझ्या खर्चानं, माझ्या हातानं. तुझ्या फ्लॅटवर मी येत नाही."

मी माझ्या मोठ्या मोठ्या अक्षरांत सही केली, पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला त्यालाच धाडलं.