माशाच्या कानातला दगड

माल्विनाने माशाचं डोकं डाव्या हातात घट्ट धरलं, वरून सुरी आडवी घातली आणि आतून चिमट्याने एक पांढरा दगड काढला. वालाच्या दाण्याएवढा, एका बाजूने चपटा. तिने तो अंगठ्याने पुसला, मधोमध सुरीने ओरखडा काढला आणि दोन बोटांत दाबून कट्‌कन मोडला.

पोलंडच्या किनाऱ्यावर, यास्तार्नियाच्या बंदरावरच्या शेडमध्ये मे महिन्यातही गारठा होता. कोनराड दाराशी उलट्या पेटीवर बसून जाळ्यातून मासे सोडवत होता. जाळ्यात फार काही नव्हतंच. त्याचा भागीदार ब्रुनो बाईच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. त्याला कोणाच्याही हातात काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

"हा काय त्याच्या पोटातला खडा?"

"कानातला. प्रत्येक कॉड माशाला असे दोन असतात."

"आता माशांना कान पण फुटले," ब्रुनो म्हणाला. "मग आमच्या शिव्या ऐकूनच पळाले म्हणायचे सगळे."

मागून दोघे-तिघे हसले. माल्विनाही हसली. ती गदिन्या शहरातल्या संस्थेतून मासे तपासायला आली होती आणि तीन दिवसांत तिला ब्रुनोची सवय झाली होती. तिने अर्धा दगड चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. दगड पांढऱ्याचा पिवळा झाला, मग बिस्किटासारखा तपकिरी. तो तिने भिंगाखाली ठेवला आणि मान न वळवता विचारलं,

"कोनराडकाका, हा मासा किती वर्षांचा असेल?"

मासा टेबलावर पडला होता. दीड वीत लांब, पाठ सुरीसारखी, पोट आत गेलेलं. कोनराडने लांबूनच पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं तो समुद्रावर जात होता.

"दोन वर्षांचा. फार तर अडीच."

"सात," ती म्हणाली. "सहा असेल कदाचित. शेवटची वलयं इतकी दाटली आहेत की शपथेवर सांगता येणार नाही. पण दोन नाही."

"भिंग पुसा बाई," ब्रुनो म्हणाला.

"या, तुम्हीच बघा."

ब्रुनोने टोपी मागे सारून डोळा लावला. बराच वेळ तो वाकून राहिला. मग बाजूला झाला आणि कोनराडला हाताने बोलावलं.

कोनराडने पाहिलं. कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वलयं होती. आतली दोन रुंद. त्यानंतरची अरुंद. कडेला तर सगळ्या रेघा एकीला एक चिकटलेल्या.

"म्हणजे हा वाढलाच नाही," तो म्हणाला.

"खायला मिळालं नाही त्याला. खाली खोलात हवा उरलेली नाही, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. खोल टाकलेलं जाळं कधीकधी काळं होऊन वर यायचं, नासक्या अंड्यासारखा वास मारत. ज्या बारक्या माशांवर कॉड जगतो ते मोठ्या जहाजांनी कुक्कुटखाद्यासाठी उपसून नेले होते. जो कॉड सापडायचा त्याच्या काळजात किडे असायचे, नाहीतर सीलने त्याचं पोट आधीच खाल्लेलं असायचं. हे सगळं त्यांना माहीत होतं. हे एकच माहीत नव्हतं.

नऊ वर्षांपासून जाळ्यात लहान मासेच येत होते. मोठे संपले, पण लहान येतायत, म्हणजे मागून पिढी येतेय, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यांची सात घरांची मंडळी होती; बाप-आज्यापासून बोटी आणि जाळी सामाईक, सगळ्यांचे वाटे ठरलेले. त्या मंडळीत कोनराडने उभं राहून म्हटलं होतं की सरकारी माप काहीही असो, आपण लहान मासा ठेवायचा नाही. पोरं आहेत, मोठी होतील. तेव्हापासून रोज पहाटे बर्फासारख्या पाण्यात बोटं घालून ते लहान मासे एकेक सोडवायचे आणि जिवंत असतील तेवढे परत टाकायचे. ब्रुनो कुरकुर करायचा, पण सोडायचा.

"मग आम्ही सोडत होतो ती..."

"ती मोठी होणार नव्हती, काका," माल्विना हळू आवाजात म्हणाली. "ती मोठीच होती."

बाहेर दोरखंड बोटीवर आपटत होता.

"नऊ वर्षं म्हाताऱ्यांना पाळण्यात घालत बसलो," ब्रुनो म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही.

माल्विनाने माशाचं डोकं पुन्हा उचललं. "दगडावरून पण कळतं बघा. मासा उपाशी असला तरी दगड वाढत राहतो. एवढ्याशा डोक्याला हा फार मोठा आहे."

पुन्हा पेटीवर बसलेल्या कोनराडच्या हातातून जाळ्याचा पदर सुटला. तो त्याने परत उचलला आणि त्यात अडकलेलं शेवाळ काढू लागला.

"एक विचारायचं होतं," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "इकडच्या बायका पूर्वी नाताळच्या माशाचे दगड जपून ठेवायच्या असं ऐकलंय. घरात बरकत राहते म्हणून. कोणाकडे आहेत का अजून? आमच्या संस्थेत जुने दगड आहेत, पण दहा ठिकाणचे मिसळलेले. एकाच किनाऱ्याचे, वर्षाला एक, असे मिळाले तर समुद्र नेमका केव्हा बिघडला ते दिसेल."

"त्रूदा ठेवायची की," ब्रुनो बोलून गेला. "लग्न झाल्यापासून दर..." आणि त्याने जीभ चावली.

माल्विनाने कोनराडकडे पाहिलं.

"मोडावे लागतील," ती म्हणाली. "ते आधीच सांगते."

"बघतो," कोनराड म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बूट दारात काढले आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. त्याच्या बायकोला, त्रूदाला, जाऊन सात महिने झाले होते. बरणी कुठे असायची हे त्याला ठाऊक नव्हतं. दर नाताळच्या आदल्या दिवशी ती टेबलावर यायची आणि नंतर नाहीशी व्हायची, एवढंच त्याने अडतीस वर्षं पाहिलं होतं. त्याने दोन कपाटं उघडली. वाळवलेल्या अळंब्या, मेणबत्त्या, रिकामे डबे. शेवटी तो तिसऱ्या घरात राहणाऱ्या हिल्डाकडे गेला. हिल्डा त्रूदाची मोठी बहीण. दोघी मासे साफ करायच्या टेबलाला आयुष्यभर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

"पिठाच्या डब्यामागे," हिल्डा म्हणाली. "बायको गेल्यावर घर बघतोयस होय?"

"चल, काढून दे."

"का? हात मोडलेत?" असं म्हणत तिने शाल घेतली.

मंडळीत जुना नियम होता, नवरा समुद्रात बुडाला तर विधवेला त्याचा अर्धा वाटा आयुष्यभर मिळायचा. बायको गेली तर नवऱ्याला काय, हे कोणी कधी ठरवलं नव्हतं. त्रूदाला पुरल्यानंतरच्या रविवारी हिल्डा सूपचं पातेलं घेऊन आली आणि तेव्हापासून दर रविवारी येत होती. सूप ठेवायची, टोमणा मारायची, जायची.

तिने बरणी काढून टेबलावर ठेवली. आत कागदाच्या लहान लहान पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने साल. कोनराडने त्या ओळीने मांडल्या. पहिली उघडली. ऐंशी सालची. तो मासा त्याला आठवत होता. त्रूदाने तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला होता आणि तरी शेपटी तिच्या गुडघ्याला लागत होती. त्याचे दगड बोराच्या बियांपेक्षा मोठे होते.

"त्या पोरीला द्यायचेत?" हिल्डाने विचारलं.

"मोडणार आहे ती."

"मग मोडू देत. माझ्या बहिणीने काय चाटायला ठेवले होते?"

तो पुड्या सरळ करत राहिला. शेवटची पुडी सतरा सालची. गेल्या नाताळला कॉड मिळालाच नाही. तो हिल्डाकडे हेरिंग मासा खाऊन आला होता. त्याने सतरा सालची पुडी उघडली आणि तळहातावर घेतली.

"तू होतीस त्या दिवशी," तो म्हणाला.

"होते."

त्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की नाताळच्या जेवणाला बसायचं त्याआधी, त्रूदा इथेच, याच टेबलावर मासा साफ करत होती. मोठा मिळाला नव्हता म्हणून त्याने बारक्यांतलाच एक नाताळपुरता ठेवला होता आणि त्याबद्दल तिची क्षमाही मागितली होती. तिने दगड काढून तळहातावर ठेवला आणि त्याच्यासमोर धरला. "हे बघ कोनराड. मासा पोराएवढा आणि दगड बापाएवढा. हे पोर नाही." तो कॉलरचं बटण लावत होता. तिचा नवा ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. तो म्हणाला होता, "मग तुझ्यासारखंच झालं असेल त्याचं. तू नाही का दिवसेंदिवस पोरगी होत चाललीस?"

त्रूदा त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली होती. मग तिने कागदाची घडी घातली.

त्यानंतरच्या मे महिन्यात तिला तपासून डॉक्टर म्हणाले की निदान सहा महिने आधी यायला हवं होतं.

"तिने सांगितलं होतं मला," कोनराड म्हणाला. "माशाचं. मी हसलो."

हिल्डाने बरणीचं झाकण फिरवून लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मीसुद्धा हसले," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात तिचा स्कर्ट मी दोनदा आवळून दिला. तोंडात टाचण्या धरून म्हणाले, बये, नवरीची कंबर झाली तुझी. काय खातेस ते मलाही सांग." ती उठली. "सूप गरम करून खा. तसंच गिळू नकोस."

तिने शाल ओढून घेतली आणि ती गेली.

पुढच्या मंगळवारी कोनराडने बरणी शेडमध्ये नेली. माल्विनाने हातमोजे घातले आणि एकेक पुडी उघडत सालं वहीत लिहिली. बोलायचं नाही असं ठरवूनही तिच्या तोंडून "बापरे" निघालं, ऐंशी सालच्या दगडाला.

"प्रत्येक पुडीतला एकच घ्या," कोनराड म्हणाला. "एक माझ्याकडे राहू दे."

"एक पुरतो."

तिने मोजले. मग पुन्हा मोजले.

"सदतीस. ऐंशीपासून सोळापर्यंत. सतराचा नाही?"

ब्रुनोने जाळ्यावरून मान वर केली.

"मिळाला नाही," कोनराड म्हणाला.

"हरकत नाही. अलीकडचे आमच्याकडे पुष्कळ आहेत." तिने डबी बंद केली. "काकूंना यातलं कळत होतं. प्रत्येक दगड अगदी अखंड काढलाय. आमच्याकडे शिकलेल्यांनाही असे काढता येत नाहीत."

"कळत होतं," कोनराड म्हणाला.

माल्विनाचा कागद जूनमध्ये आला. त्यात एक रेघ होती, डावीकडून बरीच वर्षं वर-खाली होणारी आणि मग उतरत गेलेली. ब्रुनोने तो शेडच्या दारावर खिळ्याने लावला. जुलैमध्ये त्याच्याच शेजारी सरकारचा कागद लागला, कॉड पकडायला बंदी असल्याचा. मंडळीतल्या दोघांनी बोटी मोडीत दिल्या. एकाची बोट आता उन्हाळ्यात पाहुण्यांना फिरवते. त्यांना दाखवायला बोटीवर लाकडी कॉड टांगला आहे, हातभर लांब.

"एवढा मोठा असायचा का हो खरंच, म्हणून विचारतात," ब्रुनो म्हणाला. "मी म्हणतो, हे तर पोर आहे."

तो कोनराडकडे स्पिरिटचा दिवा घेऊन आला होता. माल्विनाने जाताना त्याला भेट दिलेला. कोनराडने तो मागितला तेव्हा ब्रुनोने कशाला, असं विचारलं नाही. टेबलावर ठेवला, काडेपेटी बाजूला ठेवली आणि गेला.

सकाळची वेळ होती. कोनराडने टेबल पुसलं. सतरा सालची पुडी उघडली, दोनपैकी एक दगड घेतला आणि चष्मा लावला. बाई करायची तसा मधोमध सुरीने ओरखडा काढला, नीट, खोल. मग तो दोन्ही हातांच्या बोटांत धरला.

दाबला की मोडेल एवढंच काम होतं. दोन वलयं, की सात.

रविवारी हिल्डा सूप घेऊन आली तेव्हा दिवा, काडेपेटी आणि दगड टेबलावरच होते. तिने पातेलं ठेवायला ते हाताने जरासे सरकवले. आता ऑक्टोबर संपत आला आहे. ओरखडा काढून झाला आहे. दगड अजून मोडलेला नाही.